ताटातला अभिमान

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा फराळाचे डबे निम्मे झालेले असतील आणि चातुर्मास संपायला थोडेच दिवस उरलेले असतील. आषाढी ते कार्तिकी. या चार महिन्यांत कोणी कांदा-लसूण सोडतं, कोणी वांगं, कोणी एकवेळ जेवतं. इथे मॉन्ट्रियलमध्ये चातुर्मास पाळणारी घरं कमी झाली आहेत, पण ‘तुमच्याकडे काय चालतं, काय चालत नाही’ हा प्रश्न मात्र प्रत्येक कार्यक्रमाच्या स्वयंपाकाआधी हटकून येतो. या वेळच्या सदरात तोच प्रश्न घेतला आहे, फक्त तो जरा लांबून, एका अँग्लिकन मठाच्या दारातून आत आणतो.

तुमच्यापैकी जे इथेच शाळेत गेले त्यांना ‘कारेम’ हा फ्रेंच शब्द परिचयाचा असेल. इंग्रजीत लेंट. मराठी ख्रिस्ती घरांत त्याला उपवासकाळ म्हणतात, प्रायश्चित्तकाळ असंही म्हणतात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत शेहेचाळीस दिवस. त्यातले सहा रविवार वगळले की उपवासाचे चाळीस उरतात. जुन्या काळी या दिवसांत मांस तर नाहीच, पण अंडी आणि दूधही वर्ज्य असे. आपल्या क्वेबेकमध्ये मेपलचा पाक काढण्याचा हंगामही साधारण याच दिवसांत येतो.

अमेरिकेत ज्याला एपिस्कोपल चर्च म्हणतात तेच इथे अँग्लिकन. भारतात 1970 साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा उत्तर भारतातली अँग्लिकन मंडळी त्यात सामील झाली. या परंपरेची एक गंमत आहे. तिच्या प्रार्थनापुस्तकात उपवासाच्या दिवसांची यादी आहे, पण त्या दिवशी काय खायचं आणि काय नाही हे लिहिलेलं नाही. ते ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलं आहे. पण पुस्तकाने एखादी गोष्ट विवेकावर सोडली म्हणून माणसंही ती सोडतात असं नाही.

आता मूळ गोष्ट. 1883 साली पंडिता रमाबाई पुण्याहून इंग्लंडला गेल्या. वय पंचवीस. कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई तोवर विधवा झाली होती, पुण्यात आर्य महिला समाज काढून चुकली होती आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन आली होती. वैद्यकी शिकायची होती, पण कानाच्या दुखण्यामुळे ते जमलं नाही. त्या राहिल्या वाँटेज गावच्या सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन मठात. याच मठाच्या भगिनी पुण्यातही काम करत होत्या, तिथूनच ओळख झालेली. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तिथे दुर्दैवी अंत झाला. त्यानंतर 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आपल्याकडे ही हकिकत बहुधा इथेच संपवतात. ‘बाटल्या’ म्हणणारे संपवतात, आणि ‘त्यांना प्रकाश दिसला’ म्हणणारेही. खरी हकिकत इथे सुरू होते.

मठात रमाबाईंची आध्यात्मिक जबाबदारी सिस्टर जेराल्डीन यांच्याकडे होती. वाद निघाला तो आधी ताटावरून. रमाबाई शाकाहारी होत्या आणि शाकाहारीच राहिल्या. अंडं घातलेलं पुडिंग त्यांना चालेना. सिस्टरना यात जुना जातीचा अभिमान दिसला. बाप्तिस्म्याबरोबर तो गळून पडायला हवा होता असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंनी उत्तर दिलं की मी स्वतःला हिंदूच म्हणवते, तसं म्हणवून घेणं मला आवडतं, आणि पूर्वजांच्या ज्या चालीरीती कोणाचं नुकसान करत नाहीत त्या मी पाळणार.

यातला विरोधाभास पाहा. मठात लेंटचे चाळीस दिवस मांस सोडणं ही नम्रतेची खूण. रमाबाई वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस ते सोडत होत्या, आणि ती मात्र अभिमानाची खूण ठरली. एकच ताट आणि एकच वर्ज्य पदार्थ. फरक इतकाच की पहिलं वरिष्ठांच्या नियमाने सोडलेलं होतं, दुसरं स्वतःच्या मर्जीने.

म्हणून मी म्हणतो की ताटावरचे वाद क्वचितच अन्नाचे असतात. ‘कोण ठरवणार’ हा त्यातला मुद्दा असतो. वाँटेजला तो लवकरच उघडा पडला. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं असावीत असं मठाचं मत. रमाबाईंना तिथे आपल्या देशाची भाषा, संस्कृत हवी होती. मनोरमेला धर्माचं काय शिकवायचं, हे आई ठरवणार की मठ? आणि त्रैक्यासारखी तत्त्वं बुद्धीला पटली नाहीत तरी वरिष्ठ सांगतात म्हणून मानायची का?

पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात प्रकरण बिशपांपर्यंत गेलं. तिथल्या प्राचार्या डोरोथिया बील यांना वाटलं की रमाबाईंनी भारतात जाऊ घातलेल्या इंग्रज तरुणांना भारतीय भाषा शिकवाव्यात. मुंबई आणि लाहोर या धर्मप्रांतांच्या बिशपांनी हरकत घेतली: बाईने पुरुषांना शिकवलं तर भारतात तिचा मान जाईल. ज्या बाईने हिंदुस्थानभर पुरुषांनी भरलेल्या सभांत व्याख्यानं दिली तिच्याबद्दल हे मत! रमाबाईंनी सिस्टर जेराल्डीनना जे लिहिलं त्याचा सारांश असा: मला स्वतःचा विवेक आहे, मोठ्या कष्टाने मी एका पुरोहितवर्गाचं जोखड मानेवरून उतरवलं आहे, लगेच दुसऱ्याचं चढवून घेणार नाही.

न्यायाने बोलायचं तर सिस्टर जेराल्डीन खलनायिका नव्हत्या. त्यांनी या परक्या बाईला आसरा दिला, तिच्या मुलीवर माया केली. आज्ञापालनाचं व्रत त्यांनी स्वतः घेतलं होतं. त्यांच्या लेखी आज्ञा ही मुक्तीची पायरी होती. रमाबाईंनी तसलं कोणतंच व्रत घेतलं नव्हतं. दोघी एकाच घरात राहून वेगवेगळ्या करारांवर जगत होत्या. बहुतेक संस्थांमधली भांडणं मला याच जातीची वाटतात. दोन्ही बाजू प्रामाणिक असतात, पण आपण कशाला ‘हो’ म्हटलं होतं याबद्दल त्यांची समजूत निराळी असते.

फेब्रुवारी 1886 मध्ये रमाबाई अमेरिकेला निघाल्या. 11 मार्चला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला त्या हजर होत्या. त्या वर्षी ईस्टर 25 एप्रिलला आला होता, म्हणजे तो जितका उशिरा येऊ शकतो तितका उशिरा. तेव्हा राखेचा बुधवार पडला 10 मार्चला. उपवासकाळाच्या दुसऱ्याच दिवशी एक मराठी बाई दुसऱ्या मराठी बाईला पदवी घेताना पाहत होती. आणि बरोबर तीन वर्षांनी, 11 मार्च 1889 रोजी, रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं. तेही उपवासकाळातच. अमेरिकेत त्यासाठी बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली होती. तिच्यात वेगवेगळ्या पंथांची माणसं होती, एपिस्कोपल पंथाचे प्रख्यात धर्मोपदेशक फिलिप्स ब्रुक्सही होते. सदनात धर्मप्रचार करायचा नाही असं ठरलं होतं.

आता पुण्याकडे वळू, कारण ताटाचा वाद एकाच बाजूचा नव्हता. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे अँग्लिकन मंडळींच्याच आवारात, एक सभा झाली आणि नंतर चहा-बिस्किटं आली. हजर असलेल्यांत रानडे होते, टिळक होते, शहरातली नावाजलेली मंडळी होती. हे घडवून आणणारे गृहस्थ म्हणजे गोपाळराव जोशी, आनंदीबाईंचे यजमान. पुढे नावं छापून आली आणि गावात वणवा पेटला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, ग्रामण्य झालं, आणि चाळिसांहून अधिक माणसांना एका पेल्याचा हिशेब द्यावा लागला. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यांच्या अनुयायांना ते लागलं.

वाँटेजला ‘खाल्लं नाही’ म्हणून संशय, पुण्यात ‘प्यायले’ म्हणून शिक्षा. जोडून पाहिलं की कळतं, दोन्हीकडे तोंडात काय गेलं याला महत्त्व नव्हतं. तुम्ही आमचे आहात हे आम्हाला रोज सिद्ध करून दाखवा, अशी ती मागणी होती.

गोष्टीला आणखी एक वळण आहे, ते टाळलं तर रमाबाईंची आरती केल्यासारखं होईल. शारदा सदन पुण्यात आल्यावर रमाबाई स्वतः प्रमुख झाल्या. त्यांच्या सकाळच्या प्रार्थनेचं दार उघडं असे आणि काही मुली येऊन बसत. रमाबाई म्हणत, मी कोणाला बोलावत नाही आणि अडवतही नाही. सल्लागार मंडळातल्या रानडे आणि भांडारकरांचं म्हणणं वेगळं होतं: जिच्यावर मुलीचं अन्न, वस्त्र आणि शिक्षण अवलंबून आहे तिचं उघडं दार हेच आमंत्रण असतं. 1893 मध्ये ते दोघेही बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. वरिष्ठांच्या प्रेमळ दबावाबद्दल रमाबाईंनी वाँटेजला जे म्हटलं होतं, काहीसं तेच आता त्यांच्याबद्दल म्हटलं जात होतं. कोण बरोबर हे तुम्हीच ठरवा. मला दोन्ही बाजूंत वजन दिसतं. पण खुर्ची बदलली की उघडं दारही वेगळं दिसतं, हे खरं.

आता थोडं आपल्या गावाबद्दल. सेंट कॅथरीन रस्त्यावरचं क्राइस्ट चर्च कॅथीड्रल तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. जुने लोक सांगतील, 1987 मध्ये खाली दुकानांचा मजला खोदताना ही अख्खी इमारत खांबांवर उभी होती. त्याच अँग्लिकन मंडळींची एक प्रांतिक धर्मसभा 1865 च्या सप्टेंबरात मॉन्ट्रियलला भरली. तेव्हा दक्षिण आफ्रिकेत नाताळचे बिशप कोलेन्सो आणि त्यांचे वरिष्ठ ग्रे यांच्यात जुंपली होती. वरिष्ठांनी पदच्युत केलं आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय रद्द केला. मग अधिकार नक्की कोणाचा? मॉन्ट्रियलच्या सभेने कँटरबरीच्या आर्चबिशपांना विनंती केली की सर्वांना एकत्र बसवा. त्यातून 1867 साली पहिली लँबेथ परिषद भरली. 76 बिशप आले. आर्चबिशप लाँगलींनी आधीच स्पष्ट केलं होतं की ही बैठक विचारविनिमयाची आहे, हुकूम काढण्याची नाही. आजही तिथले ठराव कोणावर बंधनकारक नसतात. काहींना हा दुबळेपणा वाटतो. मला विचाराल तर दीडशे वर्षं भांडूनही पुन्हा एकत्र बसावंसं वाटणं ही लहान गोष्ट नव्हे.

हे सगळं दिवाळी अंकात कशासाठी? कारण परदेशातलं प्रत्येक मराठी मंडळ हे थोडं वाँटेज असतं आणि थोडं पंचहौद. गणपतीला एखादी मुलगी हौसेने केक करून आणते, आणि पहिला प्रश्न येतो, ‘यात अंडं आहे का?’ प्रश्न रास्त आहे. ज्याला चालत नाही त्याला कळायलाच हवं. एक चिठ्ठी लावली की भागतं. पण त्याच दमात ‘आजकालच्या मुलांना काही कळतच नाही’ असं आलं की ती चौकशी राहत नाही, ती परीक्षा होते. उलटही घडतं. पंचाहत्तरीच्या काकू एकादशीला साबुदाणा मागतात तेव्हा ‘अजून यातच अडकलात?’ म्हणणारी तरुण मंडळी सिस्टर जेराल्डीनच्याच बाजूला उभी असतात, फक्त त्यांना ते ठाऊक नसतं.

इथे जन्मलेल्या मंडळींना माझं एक सांगणं आहे. तुम्हाला दोन्हीकडून विचारणा होते: पुरेसे मराठी आहात का, आणि पुरेसे इथले आहात का. पंचविशीतली एक बाई, परक्या देशात, दुसऱ्याच्या अन्नावर असताना, दोन्हीकडच्या परीक्षकांना ‘हे मी ठरवीन’ असं लिहून देऊ शकली. ती तुमच्याच भाषेतली आहे.

आणि समितीत काम करणाऱ्यांना दुसरं. रमाबाईंची ही खणखणीत पत्रं आपल्याला आज वाचता येतात ती कोणामुळे? सिस्टर जेराल्डीनमुळे. स्वतःला दुखावणारी पत्रंसुद्धा त्यांनी नीट जुळवून ठेवली. 1977 मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्राच्या साहित्य संस्कृती मंडळाने ती छापली. वाद हरलेल्या बाईने प्रतिपक्षाचा शब्द न् शब्द जपला. उपवासकाळात माणूस काय काय सोडतो; विरोधकाचा कागद फाडण्याचा मोह सोडणं हा त्यातला अवघड उपवास असावा.

आपल्या मंडळाच्या इतिवृत्ताच्या वह्या कोणाच्या तळघरात आहेत, याची या दिवाळीत चौकशी करावी. सापडल्या तर भांडणांची पानं न गाळता त्यांची प्रत काढून ठेवावी. पन्नास वर्षांनी कोणीतरी ती वाचेल आणि ताटात काय होतं यापेक्षा आपण एकमेकांशी कसे बोललो हे पाहील.

दिवाळीच्या शुभेच्छा. चकली कुरकुरीत असो, आणि ज्याला जे चालत नाही ते त्याच्या पानात न वाढलं जावो.