खिडकी दिसते, अंगण दिसत नाही

जुन्या नाशकातल्या वाड्यात आमचं घर. खिडकीपाशी माझं शिलाई मशीन, पुढच्या अंगणात सासूबाईंचं वाळवण. उन्हाळ्यातल्या पापड-कुरडयांवर मुलांच्या शाळेचा खर्च निघायचा. शेजारचा वाडा पाडून इमारत उठायची ठरली तेव्हा ओसरीवर पुरुषांची बैठक झाली. "शेजारधर्म आहे, बांधा खुशाल," असं सांगून टाकलं. आम्हा दोघींना कुणी विचारलं नाही. आता भर दुपारी मशीनवर दिवा लागतो आणि अंगणात ऊन जेमतेम तासभर टिकतं.

वकीलबाईंकडे गेले. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ चा. मुंबई इलाख्याला तो १८९१ साली लागू झाला. घराच्या खिडकीतून येणारा उजेड-वारा सुविधाधिकार म्हणून, बिनतक्रार, सलग २० वर्षं मिळाला असेल, तर कलम १५ प्रमाणे तो पक्का हक्क होतो. मात्र अडथळा आल्यावर दोन वर्षांच्या आत कोर्टात जायला हवं. कलम ३३ प्रमाणे भरपाईचा दावा मालकच नव्हे, घरात राहणारी व्यक्तीही लावू शकते. म्हणजे सातबारा किंवा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नाव नसलेली बाईसुद्धा! पण राहण्याच्या सुखसोयीला किंवा नेहमीच्या व्यवसायाला मोठी बाधा आल्याचं दाखवावं लागतं. घरात माझ्या शिलाईला 'बसल्या बसल्या चार पैसे' म्हणतात. कोर्टात तो व्यवसाय म्हणून सिद्ध करायचा आहे.

आणि सासूबाईंचं अंगण? कलम १७ सांगतं, मोकळ्या जागेवरच्या उजेडाचा हक्क नुसत्या वहिवाटीने मिळत नाही. चाळीस वर्षं वाळवण घातलं तरी नाही. कायद्याला खिडकी दिसते, बाईच्या कामाचं अंगण दिसत नाही.

सगळ्यात बोचलं ते कलम ३८. मालकाने बांधायला मोकळीक दिली, तर हक्क सोडला असा अर्थ निघू शकतो. ओसरीवरच्या त्या एका "खुशाल"ने माझी खिडकीही गेली असेल.

म्हणून बायांनो, शेजारी बांधकाम निघालं की घरात आधी आपण बोलायचं. शिलाईची वही, खिडकीचे जुने फोटो जपायचे. अंगणाच्या उन्हासाठी शेजाऱ्याशी लेखी करार मागायचा. वाडा पुनर्विकासाला जात असेल तर वाळवणाची सामाईक गच्ची कागदावर लिहून घ्यायची. आणि गटांनी ही मागणी लावून धरायची, की घराच्या उजेडाबद्दल दिलेली संमती त्या घरात दिवस काढणाऱ्या बाईच्या सहीशिवाय धरू नये.