गाठ लहान, पण नोंद पूर्ण हवी

मनगटाच्या मागच्या बाजूला आलेली वाटाण्याएवढी गाठ ही आमच्या ओपीडीतली नेहमीची तक्रार. बहुतेकदा ती ‘गँगलियन’ असते. सांध्याच्या किंवा टेंडनच्या आवरणातून निघालेली, जेलीसारख्या द्रवाची पिशवी. ती कर्करोगाची नसते आणि पुष्कळदा आपोआप जिरते. म्हणूनच की काय, केसपेपरवर ‘हाताला गाठ’ एवढेच लिहिले जाते. माझा आक्षेप या दोन शब्दांना आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-10 वर्गीकरणात गँगलियनचा संकेतांक एम 67.4 आहे. अमेरिकेतील विस्तारित आवृत्तीत उजव्या मनगटाला एम 67.431 आणि डाव्याला एम 67.432 असे वेगळे आकडे आहेत. मूळ आवृत्तीत मात्र डावे-उजवे कळत नाही. ते डॉक्टरांनीच लिहायला हवे. रेकॉर्ड विभागातला कर्मचारी कागदावर आहे तेवढ्यालाच संकेतांक देऊ शकतो.

ही गाठ परत येते, विशेषतः सुईने द्रव काढल्यावर. तोवर डॉक्टर बदललेले असतात. आधी सुई घातली होती की शस्त्रक्रिया झाली होती, कोणत्या हाताला, हे कागदावर नसेल तर सगळे पहिल्यापासून सुरू. विम्याचा दावाही अशाच अपुऱ्या नोंदीवर अडू शकतो.

त्याहून गंभीर गोष्ट नावातच दडली आहे. तळहात आणि मनगट अशा दोन्हीकडे पसरणाऱ्या एका सुजेला ‘कंपाउंड पामर गँगलियन’ म्हणतात. नाव गँगलियनचे, पण आजार बहुधा टेंडनच्या आवरणाच्या क्षयरोगाचा. त्याचा संकेतांक वेगळा आणि उपचार अनेक महिन्यांचे. क्षयरोगाची नोंद सरकारकडे करणे 2012 पासून बंधनकारक आहे. नुसत्या नावावरून एम 67.4 टाकला, तर हा रुग्ण क्षयरोगाच्या यादीत येतच नाही.

गर्दीत लिहायला वेळ कुठे, असे तरुण सहकारी विचारतात. ‘उजवे मनगट, मागील बाजू, दोन सेंटिमीटर, बॅटरीचा प्रकाश आरपार, बोटांना मुंग्या नाहीत.’ एवढी एक ओळ पुरते. सुई किंवा शस्त्रक्रिया झाली तर तारीख आणि तपासणीचा अहवाल जोडावा.

रुग्णांनीही घरी जाण्यापूर्वी केसपेपर वाचावा. त्यावर हात कोणता आणि केले काय, हे नसेल तर विचारावे. तो तुमचा हक्क आहे.