विश्लेषण : अमेरिकेत मुलीसाठी हॉकी क्लब निवडताना कॉलेजचे गणित कसे मांडावे?

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स या राज्यांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलीही शाळेत हॉकीची स्टिक हाती घेतात. सातवी-आठवीतली मुलगी शाळेच्या संघात चमकू लागली की पालकांसमोर पहिला प्रश्न येतो, क्लब कोणता? त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, यातून कॉलेजचा खर्च सुटेल का? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. त्यांची गल्लत झाली की पैसे, शनिवार-रविवार आणि बरेचदा मुलीची खेळाची आवडही खर्ची पडते.

अमेरिकेतली हॉकी वेगळी कशी?

तिथे नुसते ‘हॉकी’ म्हटले तर बर्फावरची हॉकी समजली जाते. आपल्या ओळखीचा खेळ तिथे ‘फील्ड हॉकी’ आणि तो प्रामुख्याने मुलींचा. ध्यानचंद, धनराज पिल्ले ही नावे ऐकत वाढलेल्या वडिलांना हे चमत्कारिक वाटते, पण त्याला इतिहास आहे. इंग्लंडहून आलेल्या कॉन्स्टन्स ॲपलबी यांनी १९०१ मध्ये हार्वर्डच्या उन्हाळी वर्गात या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले आणि पूर्वेकडील महिला महाविद्यालयांत तो रुजला. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ मध्ये आला, तसे महिलांच्या खेळांना महाविद्यालयांत पाठबळ मिळू लागले. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’ म्हणजे एनसीएए १९८१ पासून महिला हॉकीची राष्ट्रीय स्पर्धा घेते. पुरुषांसाठी तिची अशी स्पर्धा नाही.

हा खेळ देशभर सारखा पसरलेला नाही. पूर्व किनाऱ्यावर क्लबांची दाटी आहे. कॅलिफोर्नियात काही भागांत तो खेळला जातो. टेक्साससारख्या राज्यात मात्र हाताशी एखादा क्लब असणे हेच नशीब. त्यामुळे ‘सर्वांत चांगला क्लब’ शोधताना आपण कुठे राहतो, हा विचार आधी करावा लागतो.

शाळेचा संघ असताना क्लब कशाला?

शाळेचा हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो आणि नोव्हेंबरमध्ये संपतो. उरलेले वर्ष क्लबचे. हिवाळ्यात इनडोअर, वसंतात आणि उन्हाळ्यात पुन्हा मैदानावर. इनडोअर प्रकारात मैदान लहान असते, चेंडू फटकावता येत नाही, फक्त ढकलायचा. त्यामुळे चेंडूवरचा ताबा आणि झटपट निर्णय यांची चांगली घोटाई होते.

दुसरे कारण कॉलेज प्रवेशाशी निगडित आहे. महाविद्यालयांचा हंगामही शरद ऋतूतच असतो. शाळांचे सामने चालू असताना कॉलेजचे प्रशिक्षक आपल्याच संघात गुंतलेले असतात. अनेक क्लब एकाच ठिकाणी खेळतात अशा स्पर्धांत त्यांना एका फेरीत शेकडो मुली पाहता येतात. ‘यूएसए फील्ड हॉकी’ ही राष्ट्रीय संघटना थँक्सगिव्हिंगच्या सुमारास भरवते तो ‘नॅशनल हॉकी फेस्टिव्हल’ आणि तिची राष्ट्रीय इनडोअर स्पर्धा ही त्याची उदाहरणे. कॉलेजमध्ये खेळायची इच्छा असलेल्या मुलीला क्लबचा उपयोग होतो, हे खरेच आहे. मात्र कॉलेजचा प्रशिक्षक निवड करतो ती खेळाडूची. क्लबचे नाव फार तर त्याला मैदानापर्यंत आणते.

शिष्यवृत्तीचे गणित काय सांगते?

एनसीएएचे तीन विभाग आहेत. पहिल्या विभागात हॉकीचे सुमारे ८० संघ आहेत. तिसऱ्या विभागात दीडशेहून अधिक संघ आहेत, पण तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. हार्वर्ड, प्रिन्स्टन, येल यांसारखी आयव्ही लीगमधील विद्यापीठे पहिल्या विभागात खेळतात, तरी तीही खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. तिथली मदत कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते.

२०२५ पर्यंत पहिल्या विभागातील एका हॉकी संघाला जास्तीत जास्त १२ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम वाटता येत असे आणि ती वीस-पंचवीस मुलींत विभागली जाई. म्हणजे ‘शिष्यवृत्ती मिळाली’ याचा अर्थ बहुतेकदा शुल्काचा काही हिस्सा माफ, एवढाच होता. जून २०२५ मध्ये ‘हाउस’ खटल्यातील तडजोडीला न्यायालयाने मंजुरी दिली आणि चित्र बदलले. तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि संघाच्या आकाराची मर्यादा आली. हॉकीसाठी ती २७ आहे. या सर्व २७ जणींना पूर्ण शिष्यवृत्ती देण्याची मुभा आहे, सक्ती नाही. आणि याच तडजोडीमुळे विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, तेव्हा त्यांचा पहिला ओढा अमेरिकन फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे आहे.

आता ढोबळ हिशेब करू. ८० संघ, प्रत्येकी २७ खेळाडू धरल्या तर एकूण जागा २,१६०. चार वर्षांचे शिक्षण धरले तर दरवर्षी साधारण ५४० जागा रिकाम्या होतात. शाळांच्या संघांत हॉकी खेळणाऱ्या मुली ५० हजारांहून अधिक आहेत. त्यातला चौथा हिस्सा दरवर्षी शाळेबाहेर पडतो असे मानले, तर शंभरात चार-पाच जणींपुरतीच जागा उरते. त्यातूनही नेदरलँड्स, जर्मनी, अर्जेंटिना, इंग्लंड इथल्या खेळाडू वजा करायच्या, कारण मोठी विद्यापीठे तिथूनही मुली आणतात. हे आकडे मुलीला नाउमेद करण्यासाठी नाहीत. क्लबच्या माहितीपत्रकातील झळाळत्या नावांकडे पाहताना ते डोक्यात असावेत, इतकेच.

कॉलेजचे प्रशिक्षक कधी बोलू शकतात?

पहिल्या विभागातील हॉकी प्रशिक्षकांना मुलगी दहावी पूर्ण करून १५ जून उजाडेपर्यंत तिच्याशी निवडीबाबत बोलता येत नाही. ईमेल नाही, फोन नाही, संदेश नाही. कॉलेजला निवडीसाठी भेट देण्याची मुभा अकरावी सुरू होण्यापूर्वीच्या १ ऑगस्टपासून मिळते. त्याआधी प्रशिक्षक सामने पाहू शकतात आणि मुलगी त्यांना लिहूही शकते, पण उत्तर आले नाही म्हणून हिरमुसण्याचे कारण नाही. तिसऱ्या विभागाचे नियम अधिक सैल आहेत.

म्हणून सातवीतल्या मुलीसाठी ‘आत्ताच आमच्या अव्वल संघात या, नाहीतर उशीर होईल’ असे कोणी सांगत असेल, तर ती बाजारातली तुरी आहे. तोंडी दिलेला शब्द दोन्ही बाजूंना बांधील नसतो. पूर्वी खेळाडू ज्या ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’वर सही करत, ती पद्धत एनसीएएने ऑक्टोबर २०२४ मध्ये मोडीत काढली. आता मोल आहे ते आर्थिक मदतीच्या लेखी कराराला.

याच काळात अभ्यासाची गाडी रुळावर असावी लागते. पहिल्या विभागात खेळायचे तर शाळेत ठरावीक १६ मुख्य विषय-अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात आणि त्यांत सरासरी गुणांक किमान २.३ लागतो. ही झाली किमान अट. आयव्ही लीगमध्ये किंवा तिसऱ्या विभागातील नामांकित महाविद्यालयांत खरी चाळणी गुणपत्रिकेचीच असते. तीन शनिवार-रविवार सलग स्पर्धांना जाऊन गणिताची परीक्षा बुडत असेल, तर तो सौदा तोट्याचा.

क्लबला कोणते प्रश्न विचारावेत?

पहिला, माझ्या मुलीच्या संघाला प्रत्यक्ष शिकवणार कोण? संकेतस्थळावर माजी राष्ट्रीय खेळाडूचे छायाचित्र असते आणि सरावाला दर महिन्याला नवा चेहरा असतो, असे होऊ शकते. एक-दोन सराव काठावर उभे राहून पाहावेत. चूक झाल्यावर प्रशिक्षक ओरडतो की थांबवून दाखवतो, हे अर्ध्या तासात कळते.

दुसरा, संघात किती मुली आणि त्यांपैकी खेळणार किती? मैदानावर एका वेळी ११ जणी असतात. संघात २० मुली घेतल्या असतील, तर आपली मुलगी पूर्ण शुल्क भरून निम्मा सामना बाकावर बसेल. गोलरक्षक असेल तर हा प्रश्न आणखी महत्त्वाचा, कारण गोलमध्ये एकीलाच जागा. बाकावर बसलेल्या मुलीला कोणताही प्रशिक्षक निवडू शकत नाही. मोठ्या क्लबच्या दुसऱ्या संघात ओळीत शेवटी असण्यापेक्षा लहान क्लबमध्ये संपूर्ण सामना खेळणे बहुतेक मुलींच्या फायद्याचे ठरते.

तिसरा, सराव किती आणि स्पर्धा किती? दर दोन आठवड्यांनी स्पर्धा असेल, तर चुका सुधारायला वेळच मिळत नाही. शिवाय सराव कोणत्या मैदानावर होतो तेही पाहावे. पहिल्या विभागातले अनेक संघ पाणी मारलेल्या, आखूड धाग्याच्या कृत्रिम मैदानावर खेळतात. अमेरिकन फुटबॉलसाठी केलेल्या लांब धाग्याच्या मैदानापेक्षा तिथे चेंडू कितीतरी वेगाने येतो.

चौथा, कॉलेजला गेलेल्या मुलींचा संपूर्ण हिशेब. ‘आमच्या ३० मुली कॉलेजमध्ये खेळतात’ या वाक्याला अर्थ येण्यासाठी त्या कितींपैकी ३०, किती वर्षांत आणि कोणत्या विभागात, हे कळायला हवे. त्यातल्या किती जणी दोन वर्षांनंतरही त्याच संघात आहेत, हे विचारले तर उत्तम. ज्या क्लबकडे ही उत्तरे तयार असतात, तो सहसा प्रामाणिक असतो. ज्यांच्या मुली बारावी होऊन बाहेर पडल्या, अशा दोन-तीन पालकांशीही बोलावे.

पाचवा, सुरक्षितता. ऑलिम्पिक खेळांतील गैरवर्तनाच्या तक्रारी हाताळण्यासाठी ‘यूएस सेंटर फॉर सेफस्पोर्ट’ ही संस्था २०१७ पासून काम करते. क्लबच्या सर्व प्रौढांनी तिचे प्रशिक्षण घेतले आहे का, त्यांची पार्श्वभूमी तपासली आहे का, मुक्कामी स्पर्धेला मुलींसोबत कोण राहते आणि प्रशिक्षक त्यांना परस्पर संदेश पाठवतात का, हे विचारण्यात संकोच नको. या प्रश्नांनी चिडणारा क्लब लगेच सोडावा.

खर्च आणि व्हिसा

क्लबचे शुल्क हा खर्चाचा एक भाग झाला. स्पर्धांची नोंदणी, विमान किंवा लांबची गाडी, हॉटेल, गणवेश, मैदानी आणि इनडोअर अशा दोन स्टिक, उन्हाळी शिबिरे आणि वर कोणी व्हिडीओ बनवून देणारा सल्लागार. संपूर्ण वर्षाचा आकडा लेखी मागावा. समजा तो पाच हजार डॉलर निघाला, तर सहावी ते अकरावी या सहा वर्षांत ३० हजार डॉलर होतात. हीच रक्कम कॉलेजसाठीच्या ‘५२९’ बचत योजनेत ठेवली असती, तर ती नक्की मिळाली असती. शिष्यवृत्तीबद्दल असे म्हणता येत नाही. सल्लागाराचा खर्च तर बहुतेक घरांना टाळता येतो. तीन-चार मिनिटांची ठळक क्षणांची चित्रफीत आणि एखाद्या संपूर्ण सामन्याचे चित्रण फोनवरही होते. प्रशिक्षकाला ईमेल मुलीने स्वतः लिहिलेला असला की तो अधिक वाचला जातो.

एच-वन-बी व्हिसावरील कुटुंबांनी एक बाब आधीच ध्यानात घ्यावी. एच-फोर व्हिसावरच्या मुलीला केंद्र सरकारची विद्यार्थी मदत मिळत नाही. खेळाची शिष्यवृत्ती विद्यापीठ स्वतः देते, त्यामुळे ती मिळण्याला व्हिसाची आडकाठी नाही. पण २१ वर्षे पूर्ण होताच एच-फोर संपतो आणि ग्रीन कार्ड आलेले नसेल तर मुलीला एफ-वनसारख्या व्हिसावर जावे लागते. कॉलेजची यादी करताना हा विषय प्रवेश कार्यालयाशी बोलून घ्यावा. क्लबचे प्रशिक्षक यातले जाणकार नसतात.

मुलीच्या शरीराचे काय?

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दिलेला सल्ला स्पष्ट आहे. एकाच खेळावर लक्ष केंद्रित करणे पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत लांबवावे, आठवड्यातून एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी आणि वर्षभरात एकेक महिना करून एकूण तीन महिने त्या खेळापासून दूर राहावे. ‘आमच्याकडे बाराही महिने हॉकी’ अशी जाहिरात करणाऱ्या क्लबला या सल्ल्याबद्दल विचारून पाहावे. हॉकी सतत वाकून खेळावी लागते आणि पाठ, कंबर, गुडघे त्याची किंमत मोजतात. मुलीला वसंतात धावण्याच्या शर्यतीत भाग घ्यायचा असेल, तर क्लब आडवा येतो की मोकळीक देतो, हाही निवडीचा निकष असावा.

मग निवड कशी करावी?

एक साधी कसोटी लावता येते. पुढे एकाही कॉलेजकडून बोलावणे आले नाही, असे गृहीत धरा. तरीही या क्लबमध्ये घालवलेली वर्षे मुलीला हवीशी वाटतील का? तिथे तिला खेळायला मिळेल, शिकता येईल, मैत्रिणी होतील, अभ्यास आणि झोप शाबूत राहील, घरखर्चाची ओढाताण होणार नाही? उत्तर होकारार्थी असेल तर तो क्लब चांगला आणि कॉलेजची वाटही अशाच क्लबमधून बरी निघते, कारण भरपूर खेळलेली, न थकलेली, गुणपत्रिका नीट असलेली मुलगी प्रशिक्षकांना हवीच असते. उत्तर नकारार्थी असेल तर माहितीपत्रकावर कितीही मोठ्या विद्यापीठांची बोधचिन्हे असोत, धनादेश लिहिण्यापूर्वी थांबावे. आणि हा प्रश्न मुलीला विचारायला विसरू नये. दहावीनंतरच्या त्या १५ जूनला फोन वाजला तर बोलायचे तिलाच आहे.