घाटातील उतार आणि ट्रॉलीचा ब्रेक

भरलेली ट्रॉली घाटात उलटली की 'ब्रेक निकामी झाला' एवढे म्हणून चौकशी संपते. पुढे थंड झालेला ब्रेक कारागीर तपासतो, तेव्हा तो चांगला लागतो. आणि दोष दैवाच्या माथी जातो. आमच्या मते असा दोष बहुधा उतरण्याच्या रीतीचा व बिनब्रेकच्या ट्रॉलीचा असतो.

उतारावर गाडीचे ओझे बैलांच्या मानेवर येते, हे प्रत्येक गाडीवान जाणतो. ट्रॉलीचे ओझेही तसेच ट्रॅक्टरवर रेलते. दोन्ही मिळून ८ टन वजन ३०० मीटर खाली उतरले, तर त्यातून निघणारी उष्णता सुमारे ७० लिटर पाणी २० अंशांवरून उकळीस आणू शकेल. इंजिन व ट्रॉली यांनी आपला वाटा उचलला नाही, तर तिचा बहुतेक भार ट्रॅक्टरच्या ब्रेकांवरच पडतो.

दोष ओळखण्याची रीत सोपी आहे. पेडल कडक लागते, पण वेग आवरत नाही व जळका वास येतो, तेव्हा लायनर तापून त्यांची पकड सुटलेली असते. निवल्यावर ती परत येते, म्हणूनच हा दोष लपून राहतो. जीप किंवा पिकअपसारख्या वाहनात पेडल मऊ होऊन खोल जाऊ लागले, तर ब्रेकचे तेल उकळून त्यात वाफ झाली असे समजावे. जुन्या तेलात ओलावा मुरलेला असल्याने ते लवकर उकळते. थंड असताना सपाटीवरही ब्रेक लागत नसेल किंवा वाहन एका बाजूस ओढत असेल, तर मात्र झीज, गळती किंवा चुकीची जुळणी शोधावी.

उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा व इंजिनाला वेग रोखू द्यावा. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणे हा घातक व्यवहार होय. ट्रॅक्टरची डावी-उजवी पेडले रस्त्यावर एकत्र जोडलेली असावीत. ब्रेक सतत दाबून धरू नये. वास येताच सुरक्षित सपाट जागी थांबून चाकांना दगड लावावेत व ब्रेक आपोआप निवू द्यावेत. त्यांवर पाणी ओतू नये.

तथापि, केवळ चालकाच्या दक्षतेवर सारे सोपविणे आम्हांस मान्य नाही. बिनब्रेकची ट्रॉली वळणावर ट्रॅक्टरलाच ढकलते. तेथे चालकाचे कौशल्यही अपुरे पडते. म्हणून ट्रॉली विकत किंवा भाड्याने घेताना शेतकरी बंधूंनी व सहकारी संस्थांनी प्रथम तिचे ब्रेक पाहावेत. ते नसतील, तर भरलेला माल घाटात नेऊ नये. ब्रेकवरील खर्चात केलेली काटकसर माणसाच्या जिवावर बेतू शकते.