‘नवबौद्ध’ किती दिवस म्हणवून घ्यावयाचे?



दीक्षा घेऊन वर्ष उलटले तरी ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला उत्तर देताना आपल्यापैकी अनेकांची जीभ अडखळते. डोंबिवलीत भाड्याचे घर पाहावयास गेलेल्या माणसाला हा प्रश्न कोणी सरळ विचारीत नाही. आधी आडनाव विचारतात. त्यावरून उमज पडला नाही तर गाव विचारतात. आणि अखेरीस ‘म्हणजे आपण नवबौद्ध ना?’ असे म्हणून मोकळे होतात. शब्द सभ्य असतो. परंतु विचारणाऱ्याला आपल्या धर्माची जिज्ञासा नसते. आपली पूर्वीची जात त्याला हवी असते.

हा शब्द का रूढ झाला हे आपण नीट जाणले पाहिजे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये हिंदू धर्माबाहेरील इसमास अनुसूचित जातीचा मानावयाचा नाही असे ठरले होते. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा झाला नाही. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागून लक्षावधी लोकांनी दीक्षा घेतली. दीक्षा घेताच केंद्राच्या सवलती गेल्या. पंजाबराव विरुद्ध मेश्राम या, १९६५ च्या विधिअहवालात प्रसिद्ध झालेल्या, खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ज्याने उघडपणे बौद्ध धर्म स्वीकारला तो या आदेशापुरता हिंदू राहिला नाही. राखीव जागेवरील निवड रद्द झाली. महाराष्ट्र राज्य १९६० साली स्थापन झाल्यावर राज्याने आपल्या अधिकारातील सवलती धर्मांतरितांना दिल्या, आणि ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ हे जोडनाव सरकारी कागदांत कायमचे वस्तीला आले. पुढे १९९० साली मूळ आदेशातच बौद्धांचा समावेश झाला. ज्या अडचणीपायी शब्द लागला ती अडचण संपली. शब्द मात्र वसतिगृहांच्या आणि निवासी शाळांच्या पाट्यांवर अजून नांदतो आहे.

कचेरीतील फाइलीत तो आणखी काही वर्षे राहिला तरी माझी तक्रार नाही. माझी तक्रार तो आपल्या लग्नपत्रिकेत आणि आपल्या मुलांच्या तोंडी येण्याला आहे. १९५६ साली जन्मलेले मूल आज सत्तरीच्या घरात आहे. त्याला कोणी नवजात म्हणत नाही. अशोकाने कलिंगच्या युद्धानंतर धम्माची कास धरली. त्याला कोणत्या इतिहासकाराने ‘नवबौद्ध सम्राट’ म्हटले? बाबासाहेबांनी ‘नवयान’ हा शब्द वापरला, असे कोणी पुढे करील. तो त्यांनी मार्गाला योजिला. मार्ग नवा असणे निराळे आणि त्यावरून चालणाऱ्यांची एक नवी जात ठरविणे निराळे.

जात ठरविणे, असे मी जाणूनबुजून म्हणतो. व्यवहारात ‘नवबौद्ध’ याचा अर्थ ‘पूर्वीचा महार’ एवढाच झाला आहे. मग आज मातंग वा इतर समाजांतून जी कुटुंबे दीक्षा घेत आहेत, त्यांनी कोठे उभे राहावयाचे? धर्माचे नाव एका जातीचे टोपणनाव झाले की दार इतरांना बंद होते, आणि दुःख असे की ती कडी पुष्कळदा आतून लागते.

दुसऱ्याने दिलेले नाव नाकारणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालण्याचा घाट मुंबईच्या विधिमंडळात १९३८ साली घातला गेला, तेव्हा बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष निषेध म्हणून सभागृहातून बाहेर पडला. जातीच्या दाखल्यांत तो शब्द लिहू नये, अशी सूचना केंद्र सरकारने राज्यांना दिली ती १९८२ साली. आणि बाबासाहेबांनी स्वतः निवडलेली नावे पाहा: १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’, १९३० साली ‘जनता’, १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’. यांतील एकाही नावात जात नाही, आणि दोहोंत सबंध देश आहे.

येथे एक भीती दूर करतो, कारण ती घेऊन पुष्कळ पक्षकार येतात. आपल्या विवाहाला १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू होतो म्हणून आपण हिंदू ठरत नाही. तो कायदा बौद्ध, जैन व शीख यांना लागू आहे असे त्याच्या दुसऱ्या कलमातच लिहिले आहे. लागू करण्याच्या सोयीसाठी एका शीर्षकाखाली घेतले, इतकेच. कायद्याचे शीर्षक हा कोणाच्या धर्माचा दाखला नव्हे.

आता प्रत्यक्ष कामाचे. येत्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन जाहीर झाला आहे, आणि तीत सर्वांच्याच जातींची नोंद घेण्याचे केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी ठरविले. धर्म विचारला की ‘बौद्ध’ सांगा. मागेपुढे काही जोडू नका. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ साली बौद्ध अडीच हजारांच्या आसपास मोजले गेले होते, १९६१ साली २७,८९,५०१. त्या वेळी ‘बौद्ध’ सांगणाऱ्याच्या केंद्राच्या सवलती बुडत होत्या, तरी त्यांनी सांगितले. तुमचे आज काहीच बुडत नाही.

जात विचारली की अनुसूचीत जे नाव आहे तेच सांगावे. अनुसूचीत ‘बौद्ध’ नाही, ‘नवबौद्ध’ही नाही, केंद्राच्या दाखल्यासही मूळ जातीचे नावच लागते. ‘बौद्धाला जात कसली?’ असा तरुणांचा प्रश्न असतो आणि तो योग्य आहे. परंतु नुकसानीच्या दाव्यात झालेली इजा लिहावीच लागते. ती लिहिली म्हणून वादी तिचा अभिमान बाळगतो असे होत नाही. तो रकाना आपल्या पूर्वजांशी झालेल्या वागणुकीचा आहे. इतर मागासवर्गांतून आलेल्या कुटुंबांच्या दाखल्यांचा प्रश्न निराळा आहे. त्यांनी स्वतंत्र सल्ला घ्यावा.

प्रगणकाने काय भरले ते वाचून दाखवावयास सांगा. तो बहुधा दुपारी येईल, जेव्हा नोकरीवाले लोकलने मुंबईस गेलेले असतात आणि घरी आजी असते. तिला आजच समजावून ठेवा.