पाणी भरलेली टाकी दाखवा

उन्हाळा म्हणजे नोकरदारांच्या बदल्यांचा मोसम. नंदुरबार, शहादा, तळोद्यात शिक्षक येतात, बँकवाले येतात, काही वर्षं राहतात आणि सामान बांधताना फिशटँक विकायला काढतात. नव्या टाकीसाठी सुरतेपर्यंत जायचं आणि काच सांभाळत आणायची, त्यापेक्षा गल्लीतली जुनी टाकी परवडते. जुनी घ्यायला माझी ना नाही. पण रिकामी, पुसून ठेवलेली टाकी पाहून पैसे देऊ नका, हे या सदराच्या वाचकांना मी कळकळीनं सांगतो.

तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच अशी साधी टाकी घ्या. तिच्यात सव्वाशे लिटरच्या वर पाणी मावतं, म्हणजे सव्वाशे किलोच्या वर वजन. काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीनुसार वाढतो, लांबीचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून उंच टाकी दिसली की आधी पट्टी लावून काचेची जाडी मोजा. दीड फूट उंचीला मी 8 मिलिमीटरच्या खाली जात नाही.

आपल्याकडे घासाघीस होते ती भलत्याच गोष्टीवरून. बोअरच्या जड पाण्यानं काचेवर पांढरी रेघ उमटते आणि गिऱ्हाईक तिच्यावर बोट ठेवून शंभर रुपये कमी करून घेतं. तो नुसता क्षार आहे, व्हिनेगरच्या फडक्यानं निघतो. बघायचा असतो सांधा. आतल्या कोपऱ्यात दिसणारी सिलिकॉनची जाड पट्टी ही बरीचशी संरक्षणापुरती असते. टाकी धरून ठेवतो तो दोन काचांच्या मधला पातळ थर. बॅटरी मारून तोच तपासा. त्यात बुडबुडे दिसले, शेवाळाची काळी-हिरवी रेघ आत शिरलेली दिसली, की टाकी सोडा. सांध्याजवळ काचेचा टवका उडाला असेल तरीही सोडा.

‘थोडं सिलिकॉन मारून घ्या, गळणार नाही,’ असं विकणारा म्हणेल. जुन्या सिलिकॉनवर नवं नीट चिकटत नाही. सगळं खरवडून टाकी पुन्हा जोडावी लागते आणि ती मजुरी धरली की स्वस्ताई संपते. शिवाय बाथरूमसाठीच्या बुरशीरोधक सिलिकॉननं मासे मरतात.

वरवरच्या चकाकीवर भरवसा ठेवू नये, हे बर्लिनच्या हॉटेलातल्या प्रचंड मत्स्यालयानंही दाखवलं. दोनेक वर्षांपूर्वीच दुरुस्ती झालेलं ते मत्स्यालय 16 डिसेंबर 2022 च्या पहाटे फुटलं. दहा लाख लिटर पाणी बाहेर आलं, सुमारे दीड हजार मासे होते, त्यातले बहुतेक मेले.

तेव्हा सपाट जागी जुनं वर्तमानपत्र अंथरा, त्यावर टाकी ठेवा, काठोकाठ भरा आणि पूर्ण एक दिवस तशीच राहू द्या. कागद कोरडा राहिला तरच व्यवहार करा. नेताना शेवटचा थेंबही काढा. थोडं पाणी ठेवून उचललेल्या टाकीचा तळ तडकतो. फिल्टर आणि हीटर सोबत मिळाले तर पाण्यात चालवून बघा, वायरचं आवरण तडकलेलं असेल तर फुकटही घेऊ नका.

विकणाऱ्यांनाही एक विनंती आहे. गिऱ्हाईक येऊन बघेपर्यंत टाकी रिकामी करू नका. आणि माशांना घर मिळालं नाही म्हणून त्यांना तापीत सोडू नका. टाकीबरोबर मासेही घेणारा माणूस शोधा, त्यासाठी किंमत थोडी उतरवावी लागली तरी उतरवा.