लेप आतूनच हवा

मातीच्या कुंडीत कारंजे बसवायचे, तर जलरोधक लेप आतून द्यावा, बाहेरून नव्हे. साधारण 1000 अंश सेल्सिअसखाली भाजलेली माती सच्छिद्रच राहते. तिच्यातून पाणी झिरपते, बाहेर सुकते आणि क्षारांचे पांढरे डाग मागे ठेवते. बाहेरून दिलेला रंग टिकत नाही, कारण आतला ओलावा त्याला फुगवून सोलतो. आतला लेप मात्र पाण्याच्या दाबाने भिंतीशी दाबलेला राहतो. झिरपण्यानेच माठ गार होतो, मग ते का अडवायचे, असे कोणी म्हणेल. पिण्याच्या माठाला लेप नकोच. पण कारंज्यात पाणी घटले की पंप कोरडा फिरून जळतो. म्हणून कुंडी पूर्ण वाळवा, तळाचे भोक बुजवा, इपॉक्सीचे दोन हात द्या आणि लेप पक्का झाल्यावरच पाणी भरा.